लघवीला जळजळ होतेय, दुखणं थांबवायची गोळी घेतली तर चालेल का?

चालेल, पण आधी लघवीचा नमुना लॅबला देऊन या, कारण फेनाझोपायरिडिन (लघवीची जळजळ कमी करणारी गोळी) घेतली की लघवी गडद केशरी होते आणि रंग बदलणाऱ्या पट्टीवरचा रिपोर्ट चुकू शकतो. ही गोळी फक्त जळजळ कमी करते, जंतू मारत नाही, म्हणून बरं वाटलं तरी डॉक्टरांनी दिलेला अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करायचाच. डोस साधारण २०० मिग्रॅ दिवसातून तीनदा, जेवणानंतर, आणि अँटिबायोटिकसोबत २ दिवसांच्या वर नाही. केशरी रंग बघून घाबरू नका हो, फक्त कपड्यांना डाग पडतात आणि कॉन्टॅक्ट लेन्सही रंगतात. किडनी किंवा लिव्हरचा त्रास असेल, जी६पीडी (रक्तातल्या लाल पेशींना जपणारं एन्झाइम) कमी असेल तर ही नकोच. मेडिकलवाल्याला विचारून आयबुप्रोफेन वगैरे घेणारे खूप दिसतात, पण किडनी कमजोर असेल, अल्सर असेल तर ती पण महागात पडते, त्यापेक्षा पॅरासिटामॉल बरी, तीही ठरलेल्या डोसातच. आणि थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, उलट्या किंवा लघवीत रक्त असं काही असेल, किंवा दिवस गेलेले असतील, तर प्लीज घरी गोळ्या घेत बसू नका, आजच डॉक्टरांकडे जा.