उताऱ्यावरून तर्कशुद्ध निष्कर्ष काढायच्या प्रश्नांत उतारा नीट समजूनही शेवटच्या दोन पर्यायांत चूक का होते?

तुम्ही लिहिलंय की उतारा समजतो, चारपैकी दोन पर्याय लगेच बाद होतात, आणि उरलेल्या दोनांतला जो निवडावा तो नेमका चुकतो. "वाचन वाढवा" हा सल्ला मिळाला, पण त्याने फरक पडला नाही. पडणारही नव्हता. मी काही काळ असे प्रश्न तयार करायचं काम केलं आहे, त्यामुळे पलीकडच्या बाजूने सांगते. शेवटच्या दोनांत अडकणारा माणूस बहुतेक वेळा चांगला वाचक असतो, आणि त्याचं चांगलं वाचणंच इथे त्याच्या आड येतं.

ब्रॅन्सफर्ड, बार्कले आणि फ्रँक्स या मानसशास्त्रज्ञांचा १९७२ सालचा एक प्रयोग आहे. काही जणांना वाक्य ऐकवलं : तीन कासवं तरंगत्या ओंडक्यावर बसली होती आणि त्यांच्या खालून एक मासा गेला. नंतर दुसरं एक वाक्य देऊन हे ऐकलं होतं का, असं विचारलं. त्यात मासा "ओंडक्याच्या" खालून गेला होता. ऐकलेलं वाक्य कोणतं आणि न ऐकलेलं कोणतं, हे त्यांना वेगळं करता येईना. ज्यांना कासवं ओंडक्याच्या शेजारी बसल्याचं वाक्य ऐकवलं होतं, त्यांचा असा गोंधळ झाला नाही. म्हणजे आपण शब्द साठवून ठेवत नाही, शब्दांवरून एक चित्र उभं करतो आणि ते चित्र लक्षात ठेवतो. कासवं ओंडक्यावर असतील तर त्यांच्या खालून जाणारा मासा ओंडक्याच्याही खालून जाणारच, त्यामुळे इथे भरलेली जागा बरोबर निघाली. पंचाईत अशी की चुकीची भर घालतानाही मन हेच करतं आणि कुठे खूण ठेवत नाही. पर्याय वाचला की "हो, असंच म्हटलं होतं" असं वाटतं, आणि उताऱ्यात तसं कुठेच नसतं.

त्यामुळे पर्यायाला "हे उताऱ्याशी जुळतं का?" असं विचारू नका. जुळणारे तर दोन-तीन निघतात. ते जुळावेत म्हणूनच लिहिलेले असतात. उलटं विचारा : उताऱ्यातलं अक्षर न् अक्षर खरं असूनही हा पर्याय खोटा ठरेल, अशी एखादी परिस्थिती रचता येते का? आली, तर पर्याय गेला. परिस्थिती संभाव्य असायची गरज नाही, शक्य असली की पुरे.

एक उतारा घेऊ. "एका वाचनालयाने संध्याकाळची वेळ दोन तासांनी वाढवली. त्यानंतरच्या सहा महिन्यांत घरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या, आधीच्या सहा महिन्यांच्या तुलनेत, बरीच वाढली. नव्या सभासदांची नोंदणी मात्र आधीच्या सहा महिन्यांइतकीच राहिली." पर्याय तीन. अ : वेळ वाढवल्यामुळे पुस्तकांची देवघेव वाढली. ब : जुने सभासद आता पूर्वीपेक्षा जास्त पुस्तकं नेतात. क : देवघेव वाढली त्यामागे नव्या नोंदणीत झालेली वाढ हे कारण नाही.

अ बहुतेकांना कळतो. एकापाठोपाठ दोन गोष्टी घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही; त्याच सुमाराला नव्या पुस्तकांची मोठी खरेदी झाली असेल, किंवा एका वेळी नेता येणाऱ्या पुस्तकांची मर्यादा वाढवली असेल. खरा सापळा ब. मनात चाललेला हिशेब असा : नवे सभासद वाढले नाहीत, पुस्तकं जास्त गेली, म्हणजे जुन्यांनीच नेली. ऐकायला पक्का वाटतो. पण उताऱ्यात नोंदणी थांबल्याचं म्हटलेलं नाही, आधीइतकीच राहिल्याचं म्हटलं आहे. समजा दर सहामाहीत दोनशे जण नव्याने नाव नोंदवतात. या सहामाहीतही दोनशे आले. कोणी सोडून गेलं नसेल तर एकूण सभासद दोनशेने वाढले, आणि जास्तीची पुस्तकं या दोनशे जणांनीच नेली असं असू शकतं. जुन्यांनी एकही पुस्तक जास्त नेलेलं नाही, तरी उतारा पूर्ण खरा. ब गेला. क मात्र काही केल्या खोटा पाडता येत नाही, कारण जी वाढ झालीच नाही ती कशाचंही कारण होऊ शकत नाही. क वाचताना कंटाळवाणा आहे, त्यात नवीन काही सांगितल्यासारखं वाटत नाही, आणि म्हणूनच तो सोडून दिला जातो. बरोबर निष्कर्ष बऱ्याचदा असाच मिळमिळीत असतो. चमकदार पर्यायाकडे संशयाने बघायची सवय लावून घ्या.

चुकीचे पर्याय तयार कसे होतात हे माहीत असलं की ते लवकर ओळखू येतात. सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे उताऱ्यातलं वाक्य जवळपास तसंच उचलायचं आणि एकच शब्द चढवायचा. "काही" चं "बहुतेक", "शक्यता आहे" चं "होईल", "मदत होते" चं "आवश्यक आहे". दुसरी युक्ती, उताऱ्यात कोणाच्या तरी तोंडी असलेलं मत थेट वस्तुस्थिती म्हणून मांडायचं. "अभ्यासकांच्या मते धरणामुळे गाळ अडला" एवढ्यावरून गाळ अडला हे ठरत नाही. अभ्यासक तसं म्हणतात एवढंच ठरतं. तिसरी मला सगळ्यात डांबरट वाटते : जगात खरं असलेलं, शहाण्या माणसाला पटणारं, पण उताऱ्यात कुठेच नसलेलं विधान. हे वाचताना मान आपोआप डोलते. निष्कर्ष पटण्यासारखा असला की त्यामागचा तर्क लोक फारसा तपासत नाहीत, यावर मानसशास्त्रात पुष्कळ काम झालं आहे. परीक्षेत ज्या विषयावर तुमची ठाम मतं आहेत तो उतारा आला, तर दुप्पट सावध राहा. अनोळखी विषयाचा उतारा खरं तर सोपा जातो.

आकड्यांचे सापळे वेगळे सांगायला हवेत. "एकूण अपघातांत रात्रीच्या अपघातांचं प्रमाण ४० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आलं." रात्रीचे अपघात कमी झाले का? आधी एकूण १०० अपघात, त्यात ४० रात्रीचे. नंतर एकूण २००, त्यात ६० रात्रीचे. प्रमाण उतरलं, अपघात वाढले. टक्केवारी दिसली की "कशाच्या टक्के?" हे समासात लिहून ठेवा.

मग दिशेची चूक. आपल्याकडच्या तर्कशास्त्रात धूर आणि अग्नीचं उदाहरण पिढ्यान् पिढ्या घोटलं गेलंय : डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. उलट करून पाहा : अग्नी आहे, म्हणून धूर आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रह या न्यायशास्त्रावरच्या जुन्या ग्रंथात हे सदोष अनुमान म्हणून दिलं आहे आणि ते मोडायला तापलेल्या लोखंडाचा गोळा आणला आहे. तिथे अग्नी आहे, धूर नाही, कारण धुरासाठी ओलं सरपण लागतं. बघा, हा गोळा म्हणजे वर सांगितलेली रचलेली परिस्थितीच. परीक्षेतलं रूप असं असतं : "पंप बंद पडला की लाल दिवा लागतो." दिवा लागलाय, म्हणून पंप बंद पडला असेल? नाही सांगता येत. दिवा दुसऱ्या कशानेही लागू शकतो. दिवा लागलेला नाही, म्हणून पंप बंद पडलेला नाही? हे मात्र पक्कं. "फक्त" या शब्दातही दिशा लपलेली असते. "फक्त प्रशिक्षित लोकांना आत सोडतात" यावरून आत असलेला प्रत्येक जण प्रशिक्षित ठरतो. प्रत्येक प्रशिक्षिताला आत सोडतील असं ठरत नाही.

"काही" बद्दल एवढंच की "काही अर्ज वेळेवर आले" याचा अर्थ बाकीचे उशिरा आले असा होत नाही. रोजच्या बोलण्यात आपण तसा अर्थ घेतो, इथे घ्यायचा नाही.

"बहुतेक" जास्त मजेशीर आहे. बहुतेक कर्मचारी सायकलने येतात, बहुतेक कर्मचारी चष्मा लावतात. यावरून किमान एक तरी चष्मेवाला सायकलने येतो हे नक्की निघतं, कारण एकाच गटाचे निम्म्याहून मोठे दोन भाग एकमेकांना कुठेतरी चिकटणारच. पण बहुतेक कर्मचारी सायकलने येतात आणि सायकलने येणारे बहुतेक लोक चष्मा लावतात, असं असेल तर काहीच निघत नाही. सायकलने येणारं जग कर्मचाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठं असू शकतं आणि चष्मे त्या बाहेरच्यांनाच असू शकतात. वाक्यं दिसायला जवळपास सारखी आहेत. इथे अंदाजाने जाऊ नका, प्रत्येक गटाचं एक वर्तुळ काढा.

एक अपवाद लक्षात ठेवा. सगळे प्रश्न इतके कडक नसतात. "सर्वांत तर्कसंगत निष्कर्ष कोणता" असं विचारलं असेल तर चारांतला उताऱ्याचा सगळ्यात जास्त आधार असलेला पर्याय हवा असतो, तो शंभर टक्के सिद्ध होत नसला तरी. वॉटसन-ग्लेझर या तर्कक्षमता तपासणाऱ्या चाचणीतल्या निष्कर्षांच्या भागात तर खरं, बहुधा खरं, माहिती अपुरी, बहुधा खोटं आणि खोटं असे पाच पर्याय असतात आणि तिथे सर्वसामान्य ज्ञान वापरायची मुभा असते. तिथे वरचा कडक नियम लावलात तर बरीच उत्तरं चुकून "माहिती अपुरी" येतील. म्हणून सूचना प्रत्येक वेळी वाचा. आणि "गृहीतक कोणतं" हा प्रश्नच निराळा. निष्कर्ष उताऱ्याच्या पुढे येतो, गृहीतक त्याच्या मागे दडलेलं असतं. त्यासाठी पर्याय नकारार्थी करून बघा. तसं केल्यावर उताऱ्यातला युक्तिवाद कोसळला तर ते गृहीतक.

सरावाचं म्हणाल तर रोज दहा उतारे सोडवण्यापेक्षा दोन सोडवा, पण चुकीच्या वाटणाऱ्या प्रत्येक पर्यायासमोर एक ओळ लिहा : उतारा खरा आणि हा खोटा, कसा? ओळ सुचली नाही तर उत्तर बघायच्या आधी थोडं थांबा, कारण ती न सुचणं हाही पुरावाच आहे, तो पर्याय कदाचित बरोबर असेल. सुरुवातीला एका उताऱ्याला दहा-पंधरा मिनिटं लागली तरी हरकत नाही. घड्याळ लावायची घाई करू नका. वेग वाढायला लागला की मग लावा.