वाचकांचे प्रश्न : नौकेवरील बॅटरी चार्जरची सुरक्षित जोडणी

प्रश्न : आमची फायबरची मासेमारी नौका आहे. तिच्यावर १२ व्होल्टच्या, १५० अँपिअर-अवर क्षमतेच्या, पाणी घालाव्या लागणाऱ्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्टची यंत्रणा केलेली आहे. दरवर्षी पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात आम्ही या बॅटऱ्या उतरवून चार्जिंगसाठी दुकानात नेतो. आता जेटीवर वीज मिळू लागल्यामुळे २४ व्होल्ट, २० अँपिअरचा चार्जर नौकेवरच कायमचा बसवावा, असा विचार आहे. चार्जर केबिनमध्ये आणि बॅटऱ्या इंजिनाजवळ असल्याने केबल सुमारे चार मीटर लांब न्यावी लागेल. आमच्या वायरमनचे म्हणणे असे की, चार्जरमध्येच फ्यूज असल्यामुळे वेगळ्या फ्यूजची गरज नाही. हे बरोबर आहे का? केबल कोणती घ्यावी?
— एक नौकामालक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आपल्या वायरमनचे म्हणणे घरातील जोडणीला लागू पडेल, नौकेवर मात्र ते धोक्याचे आहे. घरात वीज एकाच बाजूने, म्हणजे मीटरकडून येते, म्हणून त्या बाजूला फ्यूज असला की पुढची सगळी वायर सुरक्षित राहते. चार्जर आणि बॅटरी यांना जोडणाऱ्या केबलच्या मात्र दोन्ही टोकांना विजेचा उगम असतो, आणि त्यांपैकी मोठा उगम बॅटरी हा आहे. आपला चार्जर २० अँपिअरपेक्षा फारसा जास्त प्रवाह देऊच शकत नाही. याउलट १५० अँपिअर-अवरच्या चांगल्या बॅटरीची दोन टोके एकमेकांना थेट भिडली, तर तिच्यातून क्षणार्धात हजार अँपिअरहून अधिक प्रवाह वाहू शकतो. इंजिनाच्या सततच्या थरथरीने केबल एखाद्या पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडली, तर हा प्रवाह बॅटरीकडून येईल आणि चार्जरमधील फ्यूजला त्याचा पत्ताही लागणार नाही, कारण तो फ्यूज केबलच्या दुसऱ्या टोकाला आहे. तांबे लालबुंद होऊन वरचे प्लास्टिक पेटते, आणि फायबरच्या नौकेत लागूनच असलेले रेझिनही ज्वलनशील असते. चार्जरचा मुख्य वीजपुरवठा बंद असला तरी हे घडू शकते, हे विशेष लक्षात घ्यावे.

म्हणून चार्जरच्या पॉझिटिव्ह केबलवर, बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून शक्यतो २० सेंटिमीटरच्या आत, स्वतंत्र फ्यूज असलाच पाहिजे. छोट्या नौकांच्या विद्युत जोडणीसाठी असलेले आंतरराष्ट्रीय निकषही जवळपास हेच अंतर सांगतात, कारण टर्मिनल आणि फ्यूज यांमधला तुकडा कोणत्याही संरक्षणाविना राहतो आणि तो जितका आखूड तितका बरा. तेवढ्या तुकड्यावरही जाड नळी चढवावी. फ्यूजची क्षमता चार्जरच्या प्रवाहापेक्षा जास्त आणि केबलच्या क्षमतेपेक्षा कमी असावी. आपल्या बाबतीत, खाली सांगितलेली केबल वापरल्यास, ३० अँपिअरचा फ्यूज योग्य ठरेल. चार्जरच्या माहितीपुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर तो प्रमाण मानावा. मोटारीच्या दुकानात मिळणारा काचेचा फ्यूज येथे वापरू नये. बॅटरीतून येणारा प्रचंड प्रवाह तोडताना असा फ्यूज फुटू शकतो किंवा त्याच्या आतच ठिणगी चालू राहू शकते. ज्यावर प्रवाह तोडण्याची क्षमता छापलेली आहे असा, बोल्टने आवळायचा आणि झाकण असलेला फ्यूज घ्यावा.

केबलसाठी १० चौरस मिलिमीटरची, अनेक बारीक तारांची तांब्याची केबल घ्यावी, आणि मिळाल्यास कथिलाचा मुलामा दिलेली घ्यावी, कारण खाऱ्या हवेत उघडे तांबे वायरच्या आतपर्यंत हिरवे पडत जाते. घरासाठी वापरली जाणारी एकाच जाड तारेची वायर थरथरीने आतल्या आत तुटते, म्हणून ती नौकेवर चालत नाही. चार मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन आठ मीटर तांबे होते. २० अँपिअर प्रवाहाला १० चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये सुमारे ०.२८ व्होल्टची घट होते, तर ४ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये तीच सुमारे ०.७ व्होल्ट होते. बारीक केबल एवढ्या प्रवाहाला जळणार नाही, हे खरे आहे. परंतु साधा चार्जर स्वतःच्या टर्मिनलवरचे व्होल्टेज मोजतो, बॅटरीवरचे नव्हे, त्यामुळे बॅटरी भरली असे त्याला लवकर वाटते आणि चार्जिंगला उगाच जास्त तास लागतात. थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाला बसणारे धातूचे जोड, योग्य दाबयंत्रानेच दाबून बसवावेत. नुसत्या डागकामावर विसंबू नये, कारण कथिल जिथे संपते तिथे तारा ताठ होऊन थरथरीने तुटतात. दर ४५ सेंटिमीटरच्या आत केबलला पट्टीचा आधार द्यावा आणि इंजिनखणातील बिल्जच्या, म्हणजे नौकेच्या तळाशी साचणाऱ्या, पाण्यापासून ती वर ठेवावी.

पॉझिटिव्ह केबल मुख्य बॅटरी स्विचच्या बॅटरीकडील बाजूला जोडावी. तसे केल्यास स्विच बंद ठेवून, म्हणजे नौकेवरील बाकी सगळी यंत्रणा मृत ठेवून, चार्जिंग करता येते. निगेटिव्ह केबलही थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्यावी, हाताला येईल त्या इंजिनाच्या बोल्टवर ती अडकवू नये.

आता चार्जरच्या जागेविषयी. केबिनमध्ये चार्जर बसवण्याचा आपला विचार चांगला आहे. बॅटऱ्यांच्या बरोबर वर तो कधीही बसवू नये, कारण तिथे ॲसिडच्या वाफांनी त्याचे आतले भाग खराब होतात आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे चार्जिंगच्या शेवटी बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू वर जातो. हवेत या वायूचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. आपल्या प्रश्नातील काळाशी याचा थेट संबंध आहे. बंदीच्या काळात, म्हणजे १ जून ते ३१ जुलै या मुदतीत, नौका किनाऱ्यावर ओढून शाकारलेली असते, तिच्यावर झापांऐवजी आता बहुधा प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधलेली असते, आणि समुद्रात असताना ज्या इंजिनखणातून वारा खेळतो तो खण नेमका चार्जिंगच्या दिवसांत कोंदट होतो. म्हणून चार्जर चालू करण्यापूर्वी इंजिनखणाचे झाकण उघडावे आणि ताडपत्रीला वरच्या बाजूनेच वाट ठेवावी. खालून ठेवलेल्या फटीतून हायड्रोजन बाहेर जात नाही.

चार्जर घेताना बॅटरीच्या तापमानाची तार, म्हणजे सेन्सर, असलेला घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन. २५ अंश सेल्सिअसला २४ व्होल्टच्या बॅटरीसंचासाठी २८.८ व्होल्ट योग्य असतील, तर ४० अंशांच्या खणात ते सुमारे २८.१ पर्यंत खाली यायला हवेत. तसे झाले नाही तर पाणी झपाट्याने आटते आणि वायूही जास्त निघतो.

चार्जर कायमचा असला, तरी कधी केबल काढण्याची वेळ येतेच. तेव्हा आधी २३० व्होल्टचा पुरवठा बंद करावा, मग बॅटरीचा निगेटिव्ह, आणि शेवटी पॉझिटिव्ह काढावा. जोडताना क्रम बरोबर उलटा असतो.

प्रश्न : जेटीवरून चार्जरसाठी वीज घेताना अर्थिंगची वायर जोडू नये, तिच्यामुळे शाफ्ट, पंखा (प्रोपेलर) आणि रडरचे (सुकाणूचे) धातू झिजतात, असे आमच्या बंदरात सर्रास सांगितले जाते. काही जणांनी ती तोडूनही टाकली आहे. यात तथ्य आहे का?
— एक तांडेल, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : झिजेबाबत तथ्य आहे, पण त्यावर केलेला उपाय प्राणघातक आहे. ज्यांनी अर्थिंग तोडली आहे त्यांनी ती जोडून घेईपर्यंत जेटीवरून वीज घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

झीज होते ती अशी. जेटीवरून वीज घेणाऱ्या सर्व नौका अर्थिंगच्या वायरने एकमेकींना जोडल्या जातात. आपला कांस्याचा पंखा, शेजारच्या नौकेचे ॲल्युमिनियम किंवा पोलाद, आणि मधले खारे पाणी यांची मिळून एक मोठी बॅटरीच तयार होते, आणि त्यात ज्या नौकेचा धातू विद्युतदृष्ट्या हलका, तिची झीज होते. आधी झीज स्वतःवर घेण्यासाठी बसवलेले तिचे जस्ताचे ठोकळे संपतात, मग इतर भागांची पाळी येते. परंतु अर्थिंग तोडल्यावर चार्जरमधील फेजची वायर सुटून त्याच्या धातूच्या पेटीला लागली, तर त्या विजेला परत जायला मार्ग उरत नाही, पेटी २३० व्होल्टवर तशीच राहते, आणि एक हात पेटीवर व दुसरा इंजिनावर असलेल्या माणसाच्या छातीतून ती वीज जाते. अशा प्रसंगी हृदय बंद पाडायला ५० ते १०० मिलिअँपिअरही पुरेसे असतात, आणि ६० वॉटच्या एका जुन्या बल्बमधूनही याहून जास्त प्रवाह वाहतो.

धोका नौकेपुरता राहत नाही. नौकेतून पाण्यात गळणारी वीज आजूबाजूला पाण्यात उतरलेल्या माणसालाही लागते. समुद्राचे पाणी माणसाच्या शरीरापेक्षा चांगले वीजवाहक असल्याने तिथे ही वीज बरीचशी शरीराला वळसा घालून जाते. गोड्या पाण्यात मात्र शरीरच सोपा मार्ग ठरते आणि स्नायू आखडून माणूस बुडतो. कोकणातल्या खाड्यांचे पाणी पावसाळ्यात नद्यांच्या पुराने जवळजवळ गोडे होते, तेव्हा खाडीत नांगरलेल्या नौकांजवळ हा धोका उरलेल्या वर्षापेक्षा जास्त असतो.

झीज थांबवण्यासाठी गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाचे उपकरण मिळते. ते अर्थिंगच्या वायरमध्येच बसवतात. त्यातील डायोड सुमारे एक व्होल्टपर्यंतचे, म्हणजे झीज घडवणारे, व्होल्टेज अडवतात, पण बिघाडाच्या वेळी मोठा प्रवाह मात्र जाऊ देतात. खर्च परवडत असेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे जेटीच्या आणि नौकेच्या तारा एकमेकींना न जोडता वीज पोहोचवणारा ट्रान्सफॉर्मर, त्याहून उत्तम. आणि नौका जर जमिनीवर ओढलेल्या अवस्थेतच चार्ज होणार असेल, तर ती पाण्यात नसल्यामुळे झिजेचा प्रश्नच येत नाही, मग अर्थिंग तोडण्याला निमित्तही उरत नाही.

नौकेवर वीज जिथून आत येते तिथेच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि त्याला जोडून फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा दोन पोलचा एमसीबी (प्रवाह जास्त झाल्यास आपोआप पडणारा स्विच) बसवावा, कारण जेटीवरच्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटसुलट जोडलेले असू शकतात. २४ व्होल्ट, २० अँपिअरचा चार्जर २३० व्होल्टच्या बाजूने सुमारे तीन ते पाच अँपिअर घेतो, तेव्हा त्यासाठी ६ अँपिअरचा एमसीबी पुरतो. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण दर महिन्याला दाबून पाहावे. अर्थिंगची वायर चार्जरपाशी न संपवता इंजिनाशी आणि बॅटरीच्या निगेटिव्हशी एका ठिकाणी जोडावी, म्हणजे चार्जरच्या आत २३० व्होल्ट बॅटरीच्या बाजूला उतरले तरी आरसीसीबी पुरवठा तोडू शकेल. जेटीवरून आणलेली केबल रबराच्या आवरणाची, तीन तारांची आणि अखंड असावी. टेप गुंडाळून जोडलेली केबल किंवा घरगुती एक्स्टेंशन बोर्ड ओल्या जेटीवर टाकू नये. केबलच्या नौकेकडील टोकाला सॉकेट असावे, पिन नव्हे, म्हणजे ती सुटून पाण्यात पडली तरी चालू पिना उघड्या राहणार नाहीत.

प्रश्न : नवा चार्जर बसवूनही २४ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीतले पाणी सारखे आटते आणि दुसरी लवकर उतरते. चार्जर बदलावा का?
— एक नौकामालक, रायगड जिल्हा

उत्तर : चार्जर बदलण्यापूर्वी जीपीएस, फिश फाइंडर आणि व्हीएचएफ (बिनतारी संच) यांची वीज कुठून घेतली आहे ते पाहावे. ही उपकरणे १२ व्होल्टची असल्यास बहुतेक वेळा दोनपैकी एकाच बॅटरीवरून थेट तारा काढलेल्या असतात. २५ वॉटचा व्हीएचएफ संच बोलताना पाच-सहा अँपिअर घेतो, आणि हा सगळा भार एकीवरच पडतो. चार्जरला मात्र दोघींची बेरीज तेवढी दिसते. ती २८.८ व्होल्ट झाली की तो समाधानी असतो, मग त्यात एक १५ व्होल्टवर उकळत असो आणि दुसरी १३.८ वरच अडकलेली असो. पाणी आटते ती न वापरलेली बॅटरी असते आणि उतरते ती उपकरणे चालवणारी, हे तपासून पाहता येईल. त्यासाठी चार्जिंग बंद करून, सर्व भार काढून, काही तासांनी दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्टेज वेगवेगळे मोजावे. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ च्या आसपास ती निम्मी रिकामी असते.

उपाय म्हणजे २४ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर, जो दोन्ही बॅटऱ्यांवरून सारखाच भार घेतो. उपकरणांच्या गरजेप्रमाणे १० किंवा २० अँपिअरचा घ्यावा, आणि त्याच्याही पॉझिटिव्ह तारेवर बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज असावा. तो बसवण्यापूर्वी दोन्ही बॅटऱ्या एकमेकींपासून सोडवून, उतरलेली बॅटरी १२ व्होल्टच्या चार्जरने पूर्ण भरून घ्यावी आणि दोघींतही डिस्टिल्ड वॉटरची पातळी बरोबर करावी. एवढे करूनही एक बॅटरी रात्रीतून १२.४ च्या खाली जात असेल, तर तिचा एखादा कप्पा गेला आहे असे समजावे, आणि त्या वेळी एक नव्हे तर दोन्ही बॅटऱ्या, एकाच बनावटीच्या व एकाच वयाच्या, सोबत बदलाव्यात.