चिप टाकलेली जुनी ऑक्टाव्हिया घाटात नॉक करते, गॅरेजवाले इंजिन उतरवायला सांगतात. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो पेट्रोल. आधीच्या मालकाने चिप टाकून घेतलेली, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदललेला. खंबाटकी चढताना इंजिनातून खडखड येते, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की लगेच थांबते. गॅरेजवाले म्हणतात बेअरिंग गेलं.

इतक्यात इंजिनाला हात लावू देऊ नका. तुम्हीच लिहिलंय की आवाज फक्त लोडवर, म्हणजे इंजिनावर जोर पडला की येतो. बेअरिंगचा ठोका जड असतो, खालून ऑइल पॅनकडून येतो, इंजिन तापलं की वाढतो आणि गाडी उभी ठेवून रेस देऊन सोडली तरी ऐकू येतो. तुमचा आवाज बारीक, डब्यात वाटाणे खुळखुळावेत तसा असेल, तर ते डिटोनेशन, म्हणजेच नॉक, आहे. म्हणजे प्लगने पेटवलेली ज्वाला पोचायच्या आत उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतंय. मात्र ऑइलचा लाल दिवा एकदा जरी लुकलुकला, तर तिथेच इंजिन बंद करा आणि गाडी टो करून न्या. मग खालचं काहीही करून बघू नका.

चिप दोन गोष्टी करते: टर्बोचा बूस्ट (हवेचा दाब) वाढवते आणि टायमिंग पुढे नेते, म्हणजे प्लगची ठिणगी आधी पाडते. कंपनीची १५० पीएसची गाडी त्याने १८०-१९० पर्यंत जाते. पण अशा फाइली (चिपचे प्रोग्रॅम) बहुतेक युरोपातल्या ९५ किंवा ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलवर बेतलेल्या असतात (ऑक्टेन जितका जास्त, तितकं पेट्रोल नॉकला उशिरा बळी पडतं) आणि आपल्याकडे साधं पेट्रोल कित्येक वर्षं ९१ चं होतं. ई२० मुळे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे, ऑक्टेन वाढला, हे खरं. पण इथेनॉलला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं. एरवी ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ते सांभाळून घेतो, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर मात्र बहुतांशी फाइलमध्ये लिहिलेलं प्रमाणच चालतं आणि मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. जुन्या गाडीला हे दोन्ही बाजूंनी सोसावं लागतं.

म्हणून पहिली परीक्षा पेट्रोलचीच. टाकी जवळजवळ रिकामी होऊ द्या, पॉवर ९९ किंवा एक्सपी१०० असं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरा आणि तोच घाट त्याच गिअरमध्ये चढा. आवाज गेला किंवा बराच कमी झाला, तर बेअरिंगवरचा संशय सोडा. पेट्रोल बदलून बेअरिंग बरं होत नाही.

त्यानंतर व्हीसीडीएस (फोक्सवॅगन-स्कोडा गाड्यांचं तपासणीचं सॉफ्टवेअर) असलेला माणूस गाठा. साधा ओबीडी स्कॅनर इथे अपुरा पडतो. त्यातल्या मेझरिंग ब्लॉक ०२० (आकड्यांचा एक गट) मध्ये नॉकमुळे प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग किती अंश मागे ओढलं गेलंय ते वेगवेगळं दिसतं. तिसऱ्या गिअरमध्ये मोकळ्या चढावर, शेजारी कोणाला तरी लॉग घ्यायला बसवून बघा. क्षणभर दोन-तीन अंश दिसले तर चालतं. सहा-सातच्या वर जाऊन तिथेच राहत असेल तर इंजिन खरोखर त्रासात आहे. खरी गंमत चारही आकडे शेजारीशेजारी वाचण्यात आहे. चारही सारखेच वाढत असतील तर कारण सामायिक आहे: पेट्रोल, फाइल, तापलेली हवा. या गाडीचा इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा) लहान, बंपरच्या कोपऱ्यात बसवलेला, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये तो लवकर हात टेकतो. एकच सिलिंडर वेगळा पडत असेल तर त्याचा इंजेक्टर, प्लग आणि आत साठलेला कार्बन बघा.

त्याच फेरीत हवेचाही आकडा घ्या. या इंजिनाला ग्रॅम प्रति सेकंद हवा साधारण हॉर्सपॉवरच्या ०.८ पट लागते. चिपवाल्या गाडीत १५० च्या आसपास अपेक्षित असताना ११० च दिसत असेल, तर एअर फ्लो मीटर थकलाय. तो हवा कमी सांगतो, ईसीयू पेट्रोल कमी देतो, आणि इंजिन नॉक करतं. पेट्रोल फिल्टर कधी बदललाय ठाऊक नसेल तर सरळ बदलून टाका.

प्लग काढाल तेव्हा पांढऱ्या पोर्सिलीनवर भिंग धरून बघा. मिरपुडीसारखे काळे किंवा चकचकीत रुपेरी ठिपके दिसले तर डिटोनेशनचा पुरावा हातात आला. रुपेरी ठिपके म्हणजे पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम. तसे दिसले तर चिप आजच काढून मूळ फाइल टाकून घ्या. नॉक सेन्सरचा बोल्टही तपासा, तो २० न्यूटन-मीटरलाच आवळायचा असतो. अंदाजपंचे पान्याने आवळला की सेन्सर नीट ऐकत नाही. इनटेकच्या पायपांत तेल साचलं असेल तर ब्रीदरचे (इंजिनातली तेलकट वाफ इनटेककडे नेणारे) होसपाइप बदला, कारण तेलाची वाफ मिश्रणाचा ऑक्टेन खाली खेचते.

ठिपके दिसले नाहीत तरी मूळ फाइल टाकून एकदा घाट चढाच. त्यावर इंजिन शांत असेल तर दोष चिपचा आहे आणि ट्यूनरकडून आपल्या पेट्रोलसाठी नवी फाइल करून घेता येईल. मूळ फाइलवरही आवाज तसाच राहिला, वरचं सगळं ठीक निघालं, तरच बेअरिंगकडे वळा. तेव्हाही आधी ऑइल फिल्टर कापून घड्यांमध्ये धातूचे कण शोधा आणि तेल गरम असताना मेकॅनिकल गेजने प्रेशर मोजा. २००० आरपीएमला ते २ बारच्या आत असेल तर ऑइल पॅन काढून सक्शनची जाळी आणि बेअरिंग बघायला सांगा. हे काम गाडी लिफ्टवर घेऊन खालून होतं, त्यासाठी इंजिन उतरवावं लागत नाही.