खुणा शिकवल्या तर बोलायचंच सोडेल का?

डाऊन सिंड्रोम असलेल्या लहान मुलांच्या आया येतात तेव्हा हा प्रश्न जवळपास ठरलेलाच असतो. थेरपिस्टने हाताच्या खुणा शिकवायला सांगितल्यात, पण घरचे म्हणतात खुणांनी भागायला लागलं तर पोरगं तोंड कशाला उघडेल. एका घराचं सांगते, नाव आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय. मुलाला आपण ओमी म्हणू.

ओमी तीन वर्षांचा, आई आणि आजी घेऊन आल्या होत्या. एक शब्द स्पष्ट नाही. आई म्हणाली, "मॅडम, कळतं हो त्याला सगळं, चप्पल आण म्हटलं की आणतो, बाबांची गाडी ओळखतो, पण बोलायचं म्हटलं की हट्ट." आजींचं वेखंड चाटवून झालं होतं, कुणीतरी जिभेखालची शीर कापून घ्या असंही सुचवलेलं.

मी थोडा वेळ नुसती बघत बसले. आई सारखी विचारत होती, हे काय आहे, काकूंना सांग ना, भूभू कसं करतो, हा कुठला कलर, आणि ओमी खाली बघत होता. मग त्याने आईचा हात धरून पर्समधल्या बाटलीकडे ओढला. आई लगेच, "असं नाही, तोंडाने माग, पाणी म्हण, म्हण पाणी, मगच देणार." झालं, त्याने फरशीवर अंग टाकलं आणि रडारड. आई काकुळतीला आलेली, तिला वाटत होतं आपण लाड केले तर तो कायमचा असाच राहील. पण मला तिथे हट्ट दिसला नाही. त्याने पाणी मागितलं होतं, अगदी नीट मागितलं होतं, फक्त शब्द न वापरता.

या मुलांना कळतं जास्त आणि बोलता येतं कमी, हे अंतर बऱ्याच वेळा मोठं असतं. २१ व्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते, त्यामुळे स्नायू सैल असतात, ओठ-जीभ-श्वास यांचा मेळ बसायला वेळ लागतो. शिवाय कानाने ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं त्यांना अवघड जातं, डोळ्यांनी पाहिलेलं मात्र चांगलं लक्षात राहतं. शब्द हवेत विरून जातो, खूण समोर दिसते, थोडा वेळ तशीच धरूनही ठेवता येते. म्हणून खूण. आणि खूण एकटी कधीच करायची नाही, तोंडाने "पाणी" म्हणत म्हणत करायची. शब्द जमायला लागला की बहुतेक मुलं खूण आपणहून सोडतात, कारण बोलणं जास्त सोपं आणि पटकन होतं.

आजींना मात्र हे पटेना. मी विचारलं, आजी, याला बाप्पाला जय जय कुणी शिकवलं? "मीच की!" आणि टाटा? "तेही मीच." मग म्हटलं तुम्ही तर खुणा आधीच शिकवल्यात की, घरातली सगळीच पोरं आधी टाटा हाताने करतात मग तोंडाने म्हणतात, याचा तो मधला काळ लांबलाय एवढंच. आजी काही बोलल्या नाहीत पण ओमीकडे बघून हात जोडले, त्यानेही जोडले.

पण खुणांच्याही आधी मी विचारलं होतं की कान कधी तपासले. जन्मल्यावर टेस्ट पास झाली होती, त्यानंतर काहीच नाही. हे फार घरांत होतं आणि मला याची खरंच काळजी वाटते, कारण या मुलांच्या कानाच्या नळ्या अरुंद असतात, पडद्यामागे चिकट पाणी साठतं, सर्दी झाली की अजून कमी ऐकू येतं, आणि मूल हाकेला ओ देत नाही म्हणून आपण त्याला आळशी ठरवतो. लहानपणी दर सहा महिन्यांनी कान तपासा, थायरॉइडही वर्षातून एकदा. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत डीईआयसी म्हणून केंद्र असतं, तिथे लहान मुलांची तपासणी आणि थेरपी मोफत मिळते. ओमीच्या दोन्ही कानांत पाणी निघालं. उपचार सुरू झाले, आणि आजींनी वेखंडाचा विषय स्वतःहूनच बंद केला.

घरी करायला फार काही दिलं नाही. पाणी, अजून, दे, बास, उचल, एवढ्याच खुणा. रंग, प्राणी, थँक्यू वगैरे नंतर, आधी त्याला जे हवंय ते. प्रश्न कमी करायचे, त्याऐवजी जे चाललंय ते छोट्या वाक्यात बोलायचं, "बाबा आले", "पोळी गरम". त्याने "बा" म्हटलं तर दुरुस्त नाही करायचं, "हो, बाबा आले" म्हणायचं. बोलून झालं की गप्प बसून मनात दहापर्यंत मोजायचं, तोंड त्याच्या तोंडासमोर ठेवून. आईला हेच सगळ्यात जड गेलं, ती तिनाला बोलायचीच, पण या मुलांना उत्तर जुळवायला वेळ लागतो आणि आपण मध्येच दुसरा प्रश्न टाकला की पहिलं सगळं पुसलं जातं. मोबाईलवरच्या गाण्यांनी ही देवाणघेवाण होत नाही, मोबाईल थांबून वाट बघत नाही. आणि हो, शेजारणीने इंग्लिशच बोला सांगितलेलं, त्याची काही गरज नव्हती, घरची मराठी उत्तम.

पहिली खूण "अजून", वरणभातावर, आजींसमोर. काही महिन्यांत त्याबरोबर "अ अ" असा आवाज आला, मग "पा", मग "दे". फरशीवर लोळणं खूप कमी झालं. सगळीच मुलं पुढे स्पष्ट बोलतात असं मी कुणालाही सांगत नाही, काहींना मोठेपणीही चित्रांची किंवा खुणांची मदत लागते आणि ती घेऊ द्यावी.

ओमी आता अंगणवाडीत जातो. आईने ताईंना त्याच्या खुणा कागदावर लिहून दिल्यात, सध्या "शू"ची खूण पक्की करणं चाललंय, घरी पोटाला हात लावतो आणि तिथे दाराकडे बोट दाखवतो, दोन्हीकडे एकच ठेवा म्हणून परवाच फोनवर बोलणं झालं.