परिसराच्या सौरसंस्थेत पैसे घालावेत, पण किती?

प्रश्न : आमच्या परिसरातील रहिवाशांनी मिळून एक सहकारी संस्था स्थापन केली आहे. शाळा, ग्रंथालय आणि सभागृह यांच्या छतांवर सौरपॅनेल बसवून त्यांनाच ती वीज विकायची आणि शिल्लक राहील त्या रकमेतून जवळच्या पाणथळ जागेचे संवर्धन करायचे, अशी योजना आहे. सभासदांच्या भागभांडवलावर २० वर्षे दरसाल ४ टक्के परताव्याचा अंदाज दिलेला आहे. माझ्या बचतीतील एक तृतीयांश रक्कम मी यात गुंतवू इच्छितो. ४ टक्क्यांच्या हिशेबाने १०० गुंतवले तर वीस वर्षांत मुद्दल सोडून ८० मिळतील. निवृत्तीला आठ वर्षे आहेत आणि ७ टक्के दराचे गृहकर्ज अजून सहा वर्षे चालेल. संस्थेच्या कार्यकारिणीवर मी स्वतः असल्यामुळे मागे राहणे बरे दिसणार नाही. माझा निर्णय योग्य आहे का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रासोबतचे संस्थेचे माहितीपत्रक आणि वीस वर्षांच्या जमाखर्चाचा तक्ता मी बारकाईने पाहिला. संस्थेत पैसे घालण्याची आपली इच्छा मला रास्त वाटते. रक्कम मात्र फार मोठी वाटते, आणि त्यामागचा हिशेब चुकलेला आहे.

आधी हिशेबाकडे पाहू. १०० वर ४ टक्के म्हणजे वर्षाला ४ आणि वीस वर्षांत ८०, असे आपण धरले आहे. परंतु माहितीपत्रकानुसार संस्था मुद्दलही दरवर्षी ५ याप्रमाणे परत करणार आहे आणि ४ टक्के हे उरलेल्या मुद्दलावर मिळणार आहेत. पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी ९५ वर ३.८०, असे करत शेवटच्या वर्षी ५ वर फक्त ०.२० मिळतील. वीस वर्षांची बेरीज ४२ होते. यात संस्थेने कोणतीही लबाडी केलेली नाही. दर ४ टक्केच राहतो, फक्त तो घटत्या रकमेवर मिळतो आणि परत आलेले पैसे पुढे कुठे ठेवायचे, हा विचार आपल्याकडे येतो. दुसरी बाजू अशी की निवृत्तीच्या दिवशी, म्हणजे आठ वर्षांनी, १०० पैकी ४० परत आलेले असतील आणि ६० अजून संस्थेतच अडकलेले असतील. नियमित मिळकत थांबण्याच्या वेळी हाताशी नसलेली रक्कम एकूण बचतीच्या पाचव्या हिश्श्याएवढी असणे, हे मला पटत नाही.

हे पैसे मध्येच काढता येतील का? पोटनियम म्हणतात की पहिली तीन वर्षे रक्कम काढता येणार नाही आणि त्यानंतर संचालक मंडळाची संमती आणि पुरेशी गंगाजळी असेल तर दर्शनी किमतीला परत मिळेल. सामुदायिक ऊर्जासंस्थांमध्ये ही अट सर्रास आढळते आणि तिला सबळ कारणही आहे, कारण पैसे छतावर बसवलेल्या यंत्रांमध्ये गेलेले असतात. हे शेअर बाजारात विकले जात नाहीत आणि त्यांचा भाव वाढत नाही. महागाई दरसाल ३ टक्के धरली तर विसाव्या वर्षी हाती आलेल्या १०० ची खरेदीशक्ती आजच्या सुमारे ५५ एवढीच असेल.

आता तक्त्याकडे येतो. वीस वर्षांच्या वीजनिर्मितीच्या रकान्यात पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत एकच आकडा आहे. पॅनेलची क्षमता साधारणपणे वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास घटते, त्यामुळे विसाव्या वर्षी निर्मिती सुरुवातीच्या ९० ते ९१ टक्के असणे स्वाभाविक आहे. उत्पादकांची हमीदेखील अशी घट गृहीत धरूनच दिलेली असते. त्याहून खटकणारी गोष्ट देखभालीच्या रकान्यात आहे. पॅनेलने निर्माण केलेल्या विजेचे वापरण्याजोग्या विजेत रूपांतर करणारा इन्व्हर्टर पॅनेलएवढा टिकत नाही आणि दहा ते पंधरा वर्षांत तो बहुधा बदलावा लागतो. तक्त्यात दहावे, बारावे, पंधरावे अशी सगळी वर्षे सारखीच स्वस्त दाखवली आहेत. एका वर्षाचा हा खर्च राखीव निधीतून भागवला नाही तर त्या वर्षी परतावा शून्यावर येईल, आणि पाणथळ जागेला तर काहीच मिळणार नाही.

निर्मितीचा अंदाज कोणत्या खात्रीचा आहे, हेही विचारावे. ऊर्जाप्रकल्पांना कर्ज देणाऱ्या बँका दोन आकडे मागतात : एक, ज्याहून अधिक वीज मिळण्याची शक्यता ५० टक्के आहे, दुसरा, ज्याहून अधिक मिळण्याची शक्यता ९० टक्के आहे. बँक दुसऱ्या, म्हणजे छोट्या आकड्यावर विसंबते. सभासदाने पहिल्यावर का विसंबावे?

अशा संस्था चालत नाहीत, असा याचा अर्थ कृपया काढू नये. कोपनहेगनच्या किनाऱ्याजवळ २००० साली उभ्या राहिलेल्या मिडेलग्रुंडेन प्रकल्पाच्या २० पवनचक्क्यांपैकी निम्म्यांची मालकी आठ हजारांहून अधिक सामान्य सभासदांच्या सहकारी संस्थेकडे होती. तिथे एक हिस्सा म्हणजे वर्षाला सुमारे १००० युनिट वीज, अशी व्याख्या केलेली होती, त्यामुळे आपण नेमके काय विकत घेत आहोत, हे प्रत्येकाला कळत होते. याउलट प्रोकोन या जर्मन कंपनीने पवनऊर्जेच्या नावावर सुमारे ७५ हजार लोकांकडून पैसे गोळा केले, किमान ६ टक्के व्याजाची जाहिरात केली आणि जानेवारी २०१४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. गुंतवणूकदारांच्या हाती समभाग नव्हते आणि मताचा अधिकारही नव्हता. पुढे २०१५ मध्ये धनकोंनी मतदान करून त्याच कंपनीची सहकारी संस्था केली, हा त्यातला विचार करण्याजोगा भाग आहे. आपल्या संस्थेत एका सभासदाला एकच मत आहे, मग त्याचे भांडवल कितीही असो. ही मला जमेची बाजू वाटते, मात्र त्या मताचा उपयोग लेखापरीक्षित हिशेब वाचणाऱ्यालाच होतो.

धोरणाचा धोकाही मोजावा लागतो. ब्रिटनने लहान प्रकल्पांसाठीची ठरावीक वीजदराची योजना मार्च २०१९ नंतर नव्या अर्जदारांना बंद केली, पण आधी नोंदलेल्यांचे दर चालू ठेवले. स्पेनने मात्र २०१३ मध्ये चालू प्रकल्पांचेही ठरलेले दर बदलले आणि असंख्य लहान सौरगुंतवणूकदारांचे गणित कोलमडले. आपली संस्था अनुदानित दरावर विसंबून नसून छताखालच्याच ग्राहकांना वीज विकणार आहे, म्हणून हा धोका कमी आहे. त्याची जागा ग्राहकांकडून येणाऱ्या धोक्याने घेतली आहे. वीजखरेदी करार अजून मसुद्यातच आहे, आणि त्या मसुद्यात शाळा बंद पडली किंवा छत दुरुस्तीला काढले तर काय होईल, याबद्दल एक अक्षरही नाही.

माझ्या दृष्टीने मुख्य मुद्दा असा की आपण या एकाच रकमेत गुंतवणूक, देणगी आणि शेजारधर्म अशी तीन कामे कोंबत आहात. आपल्यावर ७ टक्क्यांचे कर्ज आहे. त्याची मुदतीपूर्वी परतफेड केली तर ७ टक्के खात्रीने वाचतात. संस्थेकडून ४ टक्के अंदाजाने मिळतात. मधले ३ टक्के म्हणजे आपण संस्थेला दरसाल, पावती न घेता, दिलेली देणगीच होय. देणगी जरूर द्यावी, पण ती किती देत आहोत, हे माहीत असावे. चेर्नोबिलच्या १९८६ च्या दुर्घटनेनंतर जर्मनीतील श्योनाउ या छोट्या गावात रहिवाशांनी चळवळ उभारली आणि १९९७ मध्ये गावाचे वीजजाळेच विकत घेतले. त्यांनी सभासदांकडून गुंतवणूक घेतलीच, पण जुन्या वीजकंपनीने मागितलेल्या फुगवलेल्या किमतीसाठी देशभर वेगळी देणगीमोहीम काढली. हा भेद त्यांनी पाळला, तो आपणही पाळावा.

पाणथळ जागेच्या बाबतीत तर तो पाळणे अधिकच गरजेचे आहे. संवर्धनाचे काम शिलकीची वाट पाहत नाही. उपद्रवी वनस्पती दरवर्षी उपटाव्या लागतात, बुजलेले प्रवाह मोकळे ठेवावे लागतात, आणि एक वर्ष खंड पडला तर मागचे श्रम वाया जाऊ शकतात. संस्थेच्या पोटनियमांप्रमाणे मात्र आधी कर्जाचे हप्ते, मग देखभाल, मग सभासदांचा परतावा आणि शेवटी संवर्धन असा क्रम आहे. अर्थात पहिली काही वर्षे त्या खात्यात फारसे काही जमणार नाही. वीज विकून तळे वाचवू, ही कल्पना सभेत टाळ्या मिळवते. तळ्याला मात्र दरवर्षी ठरलेल्या तारखेला येणारी लहानशी रक्कम अधिक उपयोगी पडते.

म्हणून माझा सल्ला असा : किमान सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बाजूला ठेवावी आणि तिला कशासाठीही हात लावू नये. संस्थेत एकूण बचतीच्या एक दशांशापेक्षा अधिक घालू नये, आणि तीही दोन हप्त्यांत. निम्मी वीजखरेदी करारावर सह्या झाल्यावर आणि निम्मी पहिल्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब हाती आल्यावर. एक तृतीयांशपैकी उरलेल्या रकमेतून गृहकर्जाची अंशतः परतफेड करावी; मुदतपूर्व परतफेडीवर बँक आकार लावते का, हे आधी पाहून घ्यावे. व्याजात होणाऱ्या बचतीचा ठरावीक हिस्सा दरवर्षी पाणथळ जागेच्या कामाला थेट द्यावा.

आता भिडेचा प्रश्न. आपण कार्यकारिणीवर आहात, त्यामुळे संस्था अडचणीत आली तर पैसे काढून घेणाऱ्यांच्या रांगेत आपल्याला सर्वांत शेवटी उभे राहावे लागेल. तशी अट कुठे लिहिलेली नसली तरी ती पाळण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणजे आपल्यासाठी ही रक्कम इतर सभासदांपेक्षाही अधिक अडकलेली आहे, आणि ती कमी ठेवण्याचे तेच सर्वांत मोठे कारण आहे. शिवाय शेजारी आपल्याकडे पाहून पैसे घालणार असतील, तर आपल्या मोठ्या रकमेपेक्षा दुरुस्त केलेला तक्ता त्यांच्या अधिक कामाचा आहे. पुढच्या सभेत घटती निर्मिती, इन्व्हर्टरचा राखीव निधी आणि ९० टक्के खात्रीचा आकडा या तीन दुरुस्त्या मांडाव्यात आणि त्यानंतरही ४ टक्के उरतात का, ते सर्वांसमोर पाहावे. माझ्या अंदाजाने आकडा ३ च्या आसपास येईल. २ च्या खाली गेला तर वीजदराबद्दल शाळेशी पुन्हा बोलणे भाग आहे.

वारसनोंदीचा रकाना आपल्या अर्जात कोरा आहे, तोही भरावा. वीस वर्षांच्या मुदतीत सभासदाचे निधन झाल्यास वारसाला शेअर मिळतील की फक्त दर्शनी रक्कम, आणि ती किती दिवसांत, याचे उत्तर पोटनियमांत नाही. ते कार्यकारिणीकडून लेखी घेतल्यावरच अर्जावर सही करावी.