अटलांटातलं ब्लॅक चर्च, तिथला फुकट कंप्युटर क्लास आणि तुझे प्रश्न

ताई, तुझा प्रश्न वाचला. नवऱ्याची बदली अटलांटाला, तू एच-फोरवर (म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे बायकोला मिळणारा व्हिसा), मुलगा सातवीत, अपार्टमेंट बघितलंय वेस्ट एंडला, आणि कोपऱ्यावरच्या ब्लॅक लोकांच्या चर्चमध्ये शाळेनंतर फुकट कोडिंग शिकवतात म्हणे, तर पाठवू का, एरिया बरा आहे का आणि ते लोक धर्म बदलायला लावतात का. मी अकरा वर्षं इथे आहे, त्यातली पहिली चार वेस्ट एंडलाच काढली, तेव्हा जरा लांबलचक लिहिते, चहा घेऊन बस.

आधी धर्माचं उरकते. माझी मुलगी तीन वर्षं अशाच क्लासला जायची. सुरुवातीला सगळे एकमेकांचे हात धरून अर्धा मिनिट प्रार्थना म्हणतात, ती गप उभी राहायची, संपला विषय. रविवारी या असं आमंत्रण मात्र दर वेळी मिळणार, ते आपल्याकडे निघताना "जेवूनच जा" म्हणतात तसं समज. तरी सगळी चर्च सारखी नसतात, म्हणून पहिल्या दिवशी स्वतः मागे बसून बघ आणि शिकवणाऱ्यांचं बॅकग्राउंड चेक झालंय का ते सरळ विचार, कोणाला राग येत नाही.

आता चर्चवाले या भानगडीत पडतातच कशाला, तर ते मलाही आधी कळलं नव्हतं. आपल्या डोक्यात चर्च म्हणजे रविवारची प्रार्थना. पण इथे ब्लॅक लोकांना शाळाच मिळत नव्हती ना. जॉर्जियात 1829 साली कायदाच केला होता की ब्लॅक माणसाला, गुलाम असो की मोकळा, लिहायवाचायला शिकवलं तर शिक्षा, गोऱ्याने शिकवलं तर दंड आणि तुरुंगसुद्धा, ब्लॅकने शिकवलं तर चाबकाचे फटकेसुद्धा. गुलामी संपली तेव्हा सगळे अक्षरं शिकायला धावले, आणि त्यांच्या स्वतःच्या मालकीची म्हणावी अशी जागा बहुतेक गावात एकच, चर्च. तुझ्या घरापासून जवळ स्पेलमन हे ब्लॅक मुलींचं कॉलेज लागेल बघ, मोठं नाव आहे त्याचं, ते 1881 मध्ये फ्रेंडशिप बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात 11 जणींवर सुरू झालं. शेजारचं मोरहाउस कॉलेज, जिथे मार्टिन ल्युथर किंग शिकले, ते त्याच्याही आधी 1867 मध्ये ऑगस्टा गावातल्या एका चर्चमध्ये. मॉरिस ब्राउन कॉलेज तर ब्लॅक लोकांनी स्वतःच्या चर्चमार्फत काढलं, त्याची मान्यता 2002 मध्ये गेली आणि तब्बल 20 वर्षांनी परत मिळाली, मधल्या काळात ते बंद पडू दिलं नाही. फ्रेंडशिपची जुनी इमारत मात्र आता नाहीये, फुटबॉल स्टेडियमसाठी 2014 मध्ये पाडली, चर्चने नवीन बांधलं.

आपल्या जोतीरावांनी 1873 मध्ये "गुलामगिरी" अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या लोकांनाच अर्पण केलं होतं, हे शाळेत पाठ केलेलं मी साफ विसरले होते, त्या तळघराची गोष्ट ऐकताना आठवलं. सावित्रीबाईंवर शेण फेकायचे आणि त्या शाळेत जाऊन लुगडं बदलायच्या, हे मी मुलीचा क्लास होता त्या चर्चमधल्या एका आजींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, अगं मग ती तर आमची मदरच झाली!

मदरवरून आठवलं. पहिल्याच आठवड्यात तिथल्या फळ्यावर वाचलं, "शनिवारी मदर बोर्डची मीटिंग", आता मदरबोर्ड म्हणजे कंप्युटरच्या आतली मुख्य सर्किटची पाटी, मला वाटलं वा, कंप्युटर खोलून दाखवणार, मी पोरीला घेऊन हजर. तर मदर बोर्ड म्हणजे चर्चमधल्या मानाच्या म्हाताऱ्या बायकांचं मंडळ, सगळ्या पांढऱ्या कपड्यात टोप्या घालून बसलेल्या, आणि मी मधे यूएसबी केबल घेऊन उभी. त्यांनी हसून हसून मला बसवूनच घेतलं.

तिथूनच माझंही सुरू झालं. वर्क परमिट नव्हतं, घरी बसून डोकं फिरत होतं, तर मी तिथे मंगळवारी एक्सेल शिकवायला लागले, फुकट. (तू असं काही करायच्या आधी वकिलाला विचार, एच-फोरवर कामाचे नियम कडक आहेत.) जमिनीखालचा हॉल, घडीची टेबलं, कुठल्यातरी ऑफिसने दिलेले जुने लॅपटॉप, त्यातल्या दोनांचं एस बटण निघालेलं. एका बाजूला पोरं स्क्रॅचमध्ये, म्हणजे मुलांच्या कोडिंगच्या प्रोग्राममध्ये, मांजर नाचवतायत, दुसऱ्या बाजूला पोस्टातून रिटायर झालेल्या एक आजी. मी त्यांना माउस कसा धरायचा इथून सुरू केलं, त्यांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या बाळ, मला व्हीलुकअप (एका यादीतली माहिती दुसरीत शोधून आणणारा एक्सेलचा फॉर्म्युला) शिकव, दानपेटीचा हिशोब जुळत नाहीये. माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार.

कोविडमध्ये शाळा ऑनलाइन झाल्यावर बऱ्याच चर्चनी पार्किंगमध्ये वायफाय सोडलं होतं, पोरं गाडीत बसून शाळा करायची. पुढे सरकार इंटरनेटच्या बिलात महिन्याला 30 डॉलर सूट द्यायचं त्याचे फॉर्मही चर्चमध्येच भरून द्यायचे, ती योजना 2024 मध्ये बंद झाली. त्यामुळे नुसतं फुकट ट्यूशन म्हणून बघू नकोस, अर्धं गाव तिथेच अडचण घेऊन येतं.

उणं काय, तर शिकवणारे नोकरी सांभाळून येतात, एखादा जॉब बदलून गेला की क्लास दोन महिने बंद. आमचा पायथन या कोडिंगच्या भाषेचा वर्ग लूपपर्यंत, म्हणजे अगदी सुरुवातीच्या धड्यांपर्यंत, येऊन असाच अडकला. खूप पुढचं हवं असेल तर मुलाला घरी वेगळं बघावं लागेल.

एरियाचं म्हणशील तर रात्री गाडीत बॅग ठेवू नकोस, जे अटलांटात कुठेही सांगेन. उपनगरातले आपलेच लोक "तिकडे काळे राहतात" म्हणून घाबरवतील, त्यातले निम्मे इकडे कधी आलेलेच नसतात. मुलाला एवढं शिकवून आण की मोठ्यांना नुसत्या नावाने हाक मारायची नाही, मिस लावून मारायची, आणि उत्तर द्यायचं ते "यस मॅम". जेवणात कॉलर्ड ग्रीन्स ही पालेभाजी दिसेल, अगदी अळूच्या फदफद्यासारखी, पण त्यात बहुतेक वेळा टर्की नाहीतर डुकराचं मांस असतं, शाकाहारी असाल तर आधी विचार. आणि बॅगेत जागा उरली तर भाजणीच्या चकल्या टाक, मदर बोर्डला माझ्या हातच्या मऊ पडतात अशी तक्रार आहे.