बुद्धिबळात डी४ किंवा ई४ (म्हणजे मधलं प्यादं दोन घरं पुढे) न खेळता, बाजूने सुरुवात करून जगज्जेत्याला कोणी हरवलंय का?

हो, रिचर्ड रेटीने १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेत विद्यमान जगज्जेता कापाब्लांकाला असंच हरवलं. १९१६ नंतर कापाब्लांका स्पर्धेत एकही डाव हरला नव्हता! डावाच्या चाली आजही मिळतात, पटावर लावून बघा: (अक्षर आणि आकडा म्हणजे पटावरचं घर) घोडा एफ३ वर, मग प्यादी सी४, बी४ वर, आणि दोन्ही उंट बी२ व जी२ वर. मधली घरं प्याद्यांनी अडवायची नाहीत, लांबून दाबून धरायची. ३१ व्या चालीत हत्ती डी५ वर येऊन वजिरावर रोखला गेला आणि कापाब्लांकाने डाव सोडला. फक्त एक, मध्य कायमचा सोडून चालत नाही. रेटीनेही १६ व्या चालीत डी४ खेळून तो फोडलाच. नुसती कडेची प्यादी ढकलत बसलात तर मार खाल.